वेड पांघरून पेडगावला

युरोपातील आल्प्स पर्वतात हिवाळा सरता सरता एक विलक्षण शर्यत होते. स्वित्झर्लंडमधील झेरमाट या गावातून तिघातिघांची पथके रात्री दहाच्या सुमारापासून टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात. पायांत स्की, कपाळावर दिवा, हिमनदीवर एकमेकांना बांधणारा दोर आणि समोर बर्फाचा चढ. चढायचे, खिंड गाठायची, तेथून घसरत उतरायचे आणि पुन्हा चढायला लागायचे. अशा रीतीने सुमारे ५७ किलोमीटरांचे अंतर आणि एकूण चार हजार मीटरांहून अधिक चढ पार करून दुसऱ्या दिवशी व्हर्बिए या गावी पोचायचे. वाटेतील सर्वांत उंच जागा ३,६५० मीटरांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. या शर्यतीच्या नावाचा अर्थ 'हिमनद्यांची गस्त' असा होतो आणि ती भरविणारे यजमान आहे स्विस लष्कर.

इटलीतील डोलोमाइट पर्वतात १९९५ पासून अशीच आणखी एक शर्यत होते. तेथे स्पर्धक दोघादोघांनी धावतात. दिवसभर पर्यटकांना वर नेणारे पाळणे संध्याकाळी थांबले की त्याच उतारांवरून दिव्यांच्या उजेडात ४२ किलोमीटरांची प्रदक्षिणा सुरू होते. पाळणा असताना पायाने कशाला चढायचे, हा प्रश्न साध्या माणसाला पडेल आणि तो रास्तही आहे. परंतु या खेळाची सारी गंमत चढण्यातच आहे. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवितात. तिचे केस एकाच दिशेला कललेले असल्यामुळे पाऊल पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी यासाठी सील या प्राण्याचे कातडे वापरीत. चढताना टाच मोकळी ठेवायची. माथ्यावर पोचताच पट्टी काढून ती अंगरख्यात खुपसायची, टाच जखडायची आणि उतार पकडायचा. स्की-गिर्यारोहण या नावाने ओळखला जाणारा हा खेळ २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केला आणि २०२६ च्या फेब्रुवारीत बोर्मिओ येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळला गेला.

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव नावाचे गाव आहे. तेथे बर्फ पडत नाही. २०१८ च्या डिसेंबरात परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला होता, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'मराठवाड्याचे महाबळेश्वर' वगैरे मथळे देण्याची हौस भागवून घेतली असेल, तेवढाच काय तो बर्फाशी शेजार. मग आल्प्समधील श्रीमंतांच्या खेळाचा पेडगावशी काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता विचारील. संबंध आहे, आणि तो रात्रीचा आहे.

पेडगाव काय, किंवा परभणी, बीड, हिंगोली जिल्ह्यांतील दुसरे कोणतेही गाव काय, पहाटे चार-साडेचारच्या सुमारास गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेल्यास तेथे अंधारात धावणारी मुले दिसतात. कुणाच्या हातात भ्रमणध्वनीचा दिवा असतो, बहुतेकांच्या हातात तोही नसतो. एक जण वेळ मोजतो, बाकीचे धावतात. किलोमीटरच्या एका दगडापासून निघायचे, पुढच्या दगडाच्याही पलीकडे जायचे आणि अंदाजाने १,६०० मीटर पुरे करायचे. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १,६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे आहेत. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोचणाऱ्या पुरुष उमेदवारास पूर्ण गुण मिळतात आणि पुढे वेळ वाढेल तसे टप्प्याटप्प्याने गुण कमी होत जातात. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरांचीच धाव आहे. मराठवाड्यातील हजारो घरांच्या आयुष्याची दिशा या पाच-साडेपाच मिनिटांवर ठरते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती नव्हे.

ही मुले रस्त्यावर का धावतात, याचे उत्तर जमिनीत आहे. परभणी जिल्ह्याची जमीन काळी आणि कसदार. पावसाळ्यात तिचा चिखल पायाला मणभर चिकटतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला ही जमीन माउली आहे, धावणाऱ्याच्या घोट्याला मात्र वैरीण. गावातील शाळेचे पटांगण बहुधा लहान असते, संध्याकाळनंतर ते कुलूपबंद असते, आणि उघडे असले तरी तेथे दिवा नसतो. तालुक्याला क्रीडा संकुल असले तर ते गावापासून दहा-वीस किलोमीटर दूर. बारा महिने सपाट, कोरडी आणि मोजता येणारी अशी एकच जागा गावाजवळ उरते, ती म्हणजे डांबरी रस्ता.

आणि अंधारात का धावतात? दिवसा काम असते म्हणून. कापूस वेचणीला, हळद काढणीला, बांधकामावर किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला पहाटेखेरीज वेळ नाही. चैत्र-वैशाखात तर सूर्य उगवल्यानंतर तासाभरात परभणीच्या रस्त्यावर धावणे हे आरोग्याशी खेळणे ठरते. शिवाय पहाटे रहदारी कमी असते, म्हणून तोच वेळ सुरक्षित, असा घरच्यांचा समज असतो.

हा समज किती महाग पडतो, हे १९ जानेवारी २०२५ रोजी दिसले. त्या दिवशी सकाळी बीड-परभणी महामार्गावर घोडका राजुरी या गावाजवळ पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणाऱ्या तरुणांना एका बसने चिरडले आणि तिघे जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे रस्त्यावर व्यायामाला आलेल्या मुलांवर ट्रक गेला. चौघे गेले. दोन्ही प्रसंगी पुढारी भेटीला आले, शोक व्यक्त झाला, चालकावर गुन्हा नोंदविला गेला. चालकाची चूक असेल तर त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु ती मुले त्या वेळी त्या रस्त्यावर का होती, हा प्रश्न कोणत्याही पंचनाम्यात नसतो.

येथे पुन्हा एकदा स्वित्झर्लंडकडे वळणे उपयोगाचे आहे. ती शर्यत रात्री का सुरू होते? साहसाची हौस म्हणून नव्हे. रात्रीच्या थंडीत बर्फ गोठून घट्ट होतो. सूर्य चढला की तो सैल पडतो, उतारावरून हिमस्खलने सुटतात आणि हिमनदीवरील भेगांना झाकणारे बर्फाचे पूल कोसळतात. म्हणजे तेथे रात्र निवडली आहे ती सुरक्षिततेसाठी, विचारपूर्वक. त्या निवडीमागे मोठी व्यवस्था उभी आहे. जागोजागी चौक्या असतात, ठराविक वेळेत चौकी न गाठणाऱ्या पथकाला तेथेच थांबविले जाते. प्रत्येकाजवळ बर्फाखाली गाडले गेल्यास ठावठिकाणा सांगणारे यंत्र, फावडे आणि दिवा असल्याखेरीज निघूच देत नाहीत. हवामान बिघडले तर शर्यतच रद्द होते.

ही व्यवस्था त्या लोकांच्या रक्तात होती असे समजण्याचे कारण नाही. ती मरणांतून शिकलेली आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ मध्ये डोंगरी दलाच्या सैनिकांचा कस पाहण्यासाठी ही गस्त सुरू झाली. एरवी चार दिवसांची वाट एका दमात पार करावयाची होती. १९४९ मध्ये एका पथकाचे तिघेही सैनिक हिमनदीच्या भेगेत पडून मेले. तेव्हा सरकारने शर्यतीवर बंदी घातली आणि ती बंदी थोडीथोडकी नव्हे, पस्तीस वर्षे चालली. तीन माणसांसाठी एका लष्कराने आपली आवडती शर्यत पस्तीस वर्षे बंद ठेवली. १९८४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती वरील सारी बंधने घेऊनच. एवढे करूनही डोंगर कुणाची हमी घेत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच वाटेवर सहा जण वादळात सापडले आणि त्यांपैकी कोणीही परतले नाही. पण तेथे प्रत्येक मरणानंतर नियमांची चर्चा होते. घोडका राजुरीनंतर कोणता नियम बदलला?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी या भरतीच्या धावेत एक उत्तम पाठ दडलेला आहे. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभर. आता समजा, सर्व उमेदवारांनी जिवापाड मेहनत करून आपापल्या धावेतून दहा दहा सेकंद कमी केले. जागा किती वाढतील? एकही नाही. गुणांची पायरी तेवढी वर चढेल आणि पुढच्या वर्षी त्याच जागेसाठी आणखी जोरात धावावे लागेल. जत्रेतील तमाशाच्या तंबूत पुढचा माणूस नीट दिसावे म्हणून उभा राहतो, मग त्याच्या मागचा उभा राहतो, आणि अखेरीस सारा तंबू उभा राहून तेवढेच पाहतो जेवढे बसून दिसत होते. फक्त पाय दुखतात ते प्रत्येकाचे. व्यक्तीच्या दृष्टीने मेहनत करणे शहाणपणाचे, समाजाच्या दृष्टीने त्या मेहनतीतून एकाही नव्या रोजगाराची निर्मिती नाही, असा हा पेच आहे.

आणि या मेहनतीचा खर्च कोण करतो? कारखान्यात शिकाऊ कामगार ठेवला तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये त्याला विद्यावेतन द्यावे लागते. भरतीसाठी दोन-दोन, चार-चार वर्षे धावणाऱ्या मुलाला कोणी काही देत नाही. उलट तोच देतो. बूट त्याचे, खुराक त्याच्या आईच्या हातचा, भरती अकादमीची फी बापाने कापूस विकून भरलेली. तालुक्यातालुक्याला निघालेल्या या अकादम्या म्हणजे बेकारीवर उगवलेले पीक आहे आणि त्या पिकाला दुष्काळ ठाऊक नाही. राज्यसंस्थेला पोलीस आणि सैनिक म्हणून जे तयार, टणक पाय लागतात, ते तिला फुकट मिळतात. शंभरांतून एक पाय निवडायचा आणि नव्व्याण्णव परत पाठवायचे, याचा कोणताही बोजा सरकारी खजिन्यावर पडत नाही. नव्व्याण्णवांपैकी कुणी रस्त्यावर मेला तर तो 'सेवेत' नसतो. मैदानावर मेला तरी नसतो. २०२४ च्या पावसाळी भरतीत धावताना कोसळून उमेदवार दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आल्या. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीसाठी तरुणांना उन्हातान्हात दहा किलोमीटर धावविण्यात आले आणि दहाहून अधिक जणांचे प्राण गेले. जेथे थांबण्याची सोय नाही ती शर्यत नव्हे. आल्प्समधील स्पर्धक दमला तर चौकीवर बसतो, गरम चहा पितो आणि आगगाडीने घरी जातो. भरतीच्या मैदानावर दमलेल्या मुलाला घरी जाऊन बापाला तोंड दाखवायचे असते. म्हणून तो थांबत नाही.

या धावेचे दुसरे टोक मात्र खरोखरच बर्फात आहे, आणि ते फारसे कोणी पाहत नाही. स्विस लष्कराने आपली रात्रीची शर्यत ज्या १९८४ साली पुन्हा सुरू केली, त्याच वर्षी १३ एप्रिलला भारतीय सेनेने सियाचिन हिमनदीवर पाय रोवला. तेव्हापासून आठशेंहून अधिक जवान तेथे मरण पावले, आणि त्यांपैकी बहुतेकांना शत्रूच्या गोळीने नव्हे, तर थंडीने, विरळ हवेने आणि हिमस्खलनाने मारले. गुलमर्ग येथे सेनेचे उंच प्रदेशातील युद्धतंत्र शिकविणारे विद्यालय आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तेथील प्रशिक्षणात असलेले सतरा जवान हिमस्खलनाखाली गाडले गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनच्या सोनम चौकीवर कडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत सातारा जिल्ह्यातील एक होता. ज्या मुलाने जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीच्या पेल्यातला, त्याच्या पायांची परीक्षा अखेर जगातील सर्वांत उंच रणभूमीवर होते.

येथे अविनाश साबळे यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाही, म्हणून पोर धावत जाई आणि धावत येई. बारावीनंतर ते सेनेच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. २०१३-१४ मध्ये सियाचिनवर त्यांची नेमणूक होती, नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये. धावपटू म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेले ते त्यानंतर, सेनेच्या क्रॉसकंट्री स्पर्धेतून. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम. मराठवाड्याने अभिमान बाळगावा असाच हा माणूस आहे.

परंतु त्यांच्या नावाने जे लेख लिहिले जातात त्यांचा सूर तपासून पाहावा. 'सियाचिनचा बर्फ तुडवून ऑलिंपिकपर्यंत', 'गरिबीवर जिद्दीची मात', अशी ती भाषा असते. जिद्द हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. सहा किलोमीटर धावत शाळेत जाणे ही जिद्दीची कथा होण्याआधी शाळा दूर असण्याची आणि एस. टी. नसण्याची कथा आहे. त्या वाटेवरून तितकेच अंतर कापणारी आणि कोणत्याही विक्रमात न आलेली मुले किती होती, हे कोणी मोजलेले नाही. एका साबळ्यांचे उदाहरण देऊन हजारांना अंधारात धावायला सांगणे, ही त्या थोर खेळाडूच्या कष्टांची थट्टा आहे.

मग बर्फावरच्या खेळांना नाक मुरडावे काय? समाजवादी विचाराच्या माणसाने तसे करू नये. या खेळाची एक वंशावळ लष्करी आहे हे खरे. १९२४ च्या शामोनि येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'लष्करी गस्त' नावाची स्पर्धाच होती आणि ती स्वित्झर्लंडने जिंकली. परंतु दुसरी वंशावळही आहे आणि ती आपल्या वाचकांना कमी ठाऊक असते. १८९५ मध्ये व्हिएन्नात एका समाजवादी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीतून 'निसर्गमित्र' ही कामगारांची संस्था जन्मली. तिच्या संस्थापकांत एक शाळामास्तर होता, एक लोहार होता, आणि पुढे ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदी बसलेला कार्ल रेनर हा तेव्हाचा विद्यार्थीही होता. डोंगर ही जमीनदारांची आणि धनिकांच्या गिर्यारोहण मंडळांची मिरास नाही, आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्यालाही रविवारी तेथे जाण्याचा हक्क आहे, हे तिचे म्हणणे. तिने कामगारांच्या वर्गणीतून डोंगरात निवारे बांधले, वाटांवर खुणा केल्या. १९२५ मध्ये कामगारांचे पहिले ऑलिंपिक भरले तेव्हा त्याचा हिवाळी भाग श्रायबरहाऊ या डोंगरी गावी झाला होता. तेथे राष्ट्रांचे झेंडे नव्हते, लाल निशाण होते. जर्मनीत १९३३ साली आणि ऑस्ट्रियात १९३४ साली हुकूमशहांनी सत्ता हाती येताच ज्या संस्था मोडून काढल्या त्यांत ही डोंगर चढणाऱ्या कामगारांची संस्थाही होती. कामगाराने विनाकारण, केवळ आनंदासाठी डोंगर चढावा, हे हुकूमशाहीला मानवत नाही.

उलट आपल्याकडे काय आहे ते गुलमर्गला दिसते. अफरवत डोंगरावर पाळणा सुमारे ३,९५० मीटरांपर्यंत जातो. २०२० पासून तेथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात, त्यांत स्की-गिर्यारोहणाचाही समावेश झाला आहे आणि सेनादलाचे खेळाडू पुढे असतात. बर्फ वेळेवर पडला नाही म्हणून २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या पुढे ढकलाव्या लागल्या, हा हवामानबदलाचा वेगळा अध्याय. त्याच उतारावर पुण्या-मुंबईकडच्या पर्यटकांना लाकडी स्लेजवर बसवून, दोरीने ओढत वर नेणारे काश्मिरी मजूर दिवसभर चढतात आणि उतरतात. बर्फ तोच, चढही तोच. एकाच्या चढण्याला पदक, दुसऱ्याच्या चढण्याला घासाघीस करून ठरलेली मजुरी. आपल्या कुटुंबांनी काढलेल्या छायाचित्रांत तो स्लेजवाला बहुधा चौकटीबाहेर राहतो.

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असते. म्हणीतले पेडगाव म्हणजे भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातील, बहादूरगडाचे, असे सांगतात. परभणीच्या पेडगावचा तिच्याशी संबंध नसावा. पण नाव एकच असल्यामुळे ती त्यालाही चिकटली आहे, आणि या विषयात तर ती चपखल बसते. गृहखात्याला अर्जांची संख्या एककापर्यंत ठाऊक असते. म्हणजे किती लाख मुलेमुली राज्यात धावत आहेत, हे त्याला नक्की माहीत आहे. बांधकाम खात्याला पहाटे कोणत्या रस्त्यांवर मुले धावतात ते माहीत आहे. क्रीडाखात्याला कोणत्या गावाला मैदान नाही ते माहीत आहे. तिन्ही खात्यांनी आपापले माहीत असणे वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहे. वेड पांघरणे ते हेच.

येथे कोणी म्हणेल की, खरी मागणी रोजगाराची आहे, मैदानाची आणि दिव्याची मागणी म्हणजे ठिगळ आहे. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. शेतीला भाव मिळाला, जिल्ह्यात उद्योग आले, तर शंभरांपैकी साठ मुले धावणे सोडून देतील आणि उरलेली धावतील ती आवडीने. २०२२ पासून सैन्यात आलेल्या अग्निपथ योजनेने तर धावून मिळविलेली नोकरीही चार वर्षांची करून टाकली. पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम होणार, बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर पुन्हा गावात. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. तेव्हा ती मुले कोणत्या रस्त्यावर धावणार, हा प्रश्न पक्षाने आतापासूनच हाती घेतला पाहिजे. पण रोजगाराचा लढा लांबचा आहे आणि उद्याची पहाट जवळची आहे. कारखान्याच्या मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत यंत्राला जाळी लावू नका, असे कोणत्याही कामगार संघटनेने कधी म्हटलेले नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक टोकदार आहे. राज्याच्या पोलीस दलात स्त्रियांसाठी तीस टक्के आरक्षण आहे, आणि खेड्यांतील मुली मोठ्या संख्येने भरतीकडे वळल्या आहेत ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जो अंधार मुलाला निदान धावायला वेळ देतो, तो मुलीला घराबाहेरही पडू देत नाही. ती उजाडल्यावर धावते, तेव्हा रस्त्यावर वाहनेही असतात आणि नजराही असतात. नाहीतर बाप किंवा भाऊ सोबत हवा, आणि त्याच्या कामाच्या वेळेत तिचा सराव बसला पाहिजे. गुणपत्रकात मात्र यातले काही उमटत नाही.

करता येण्याजोगे काम तसे छोटे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण पहाटे चार ते सात उघडे ठेवणे, त्याची किल्ली गावातील जबाबदार माणसाकडे देणे. पटांगण लहान असल्यास गायरानातील एखादा तुकडा मुरूम टाकून, दाबून, दोनशे मीटरांची वर्तुळाकार वाट करणे. काळ्या जमिनीवर मुरूम टाकल्याशिवाय भागत नाही, एवढे तेथील प्रत्येक गाडीवानाला कळते. चार खांब आणि सौर दिवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात भरतीपूर्वी हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी, आणि ती मोफत. पाऊस किंवा कडक ऊन असताना मैदानी चाचणी न घेण्याचा लेखी नियम. अर्ज भरल्या दिवसापासून चाचणी संपेपर्यंत उमेदवाराचा अपघात विमा, ज्याचा हप्ता राज्य सरकारने भरावा. ज्या लाखो अर्जांचे शुल्क सरकार गोळा करते, त्यातून हे भागविणे अवघड जाऊ नये. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहेत, उरलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांपासून मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करावा लागेल.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी सुमारे पंधरा हजार पोलीस पदांच्या भरतीस मान्यता दिली, म्हणजे रस्त्यांवरची गर्दी ओसरलेली नाही. परभणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत पटांगणाचा आणि दिव्यांचा ठराव मांडावा आणि तो मांडण्यापूर्वी आठवडाभर पहाटे रस्त्यावर उभे राहून किती मुले व किती मुली धावतात, कोणत्या वेळी, कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, याची वहीत नोंद करावी. ग्रामसेवक आकडे विचारतील, तेव्हा ती वही समोर ठेवता येईल.